बारा रुपयांचा पंतोजी

शिक्षकाचा पेशा हे व्रत आहे, ती नोकरी नव्हे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिक्षकदिनाच्या भाषणांतून तर ते दरवर्षी हमखास ऐकायला मिळते. विचार चांगला आहे. पण तो बहुधा पगार देणाऱ्याच्या किंवा टाळ्या वाजवणाऱ्याच्या तोंडी असतो, शिक्षकाच्या घरातल्या माणसाच्या तोंडी क्वचितच असतो.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची थोरली बहीण मलंगगडाच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. बदलापूरच्या घरातून पहाटे निघायचे, मिळेल त्या वाहनाने फाट्यापर्यंत जायचे आणि पुढची वाट पायी तुडवायची. पावसाळ्यात ओढा भरला की परतायची वेळ ओढाच ठरवतो. पाड्यावरची मुले ठाकर-कातकऱ्यांची. वीटभट्ट्यांचा हंगाम आला की आईबापांबरोबर अर्धा वर्ग निघून जातो. तिच्याच बरोबर शिक्षण पुरे केलेली दुसरी एक मुलगी स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावरील शाळेत लागली. दोघींच्या पगारात म्हणण्यासारखा फरक नाही. मैत्रिणीची आई एकदा आम्हांला अगदी सहज विचारून गेली की मग माझ्या लेकीने तिथेच का राहावे? आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. आमच्यापाशी व्रत, त्याग, समर्पण असे पुष्कळ शब्द होते. पण त्या माउलीला देण्याजोगे उत्तर मात्र नव्हते.

हा प्रश्न आजचा नाही. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी, १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेच्या एका लेखी निवेदनात तो पुण्यातील एका गृहस्थाने इंग्रज सरकारच्या आयोगापुढे मांडला होता आणि त्याचे उत्तर रुपयांच्या आकड्यांत दिले होते. ते गृहस्थ म्हणजे महात्मा जोतीराव फुले. स्त्रीशिक्षणाचे आद्य प्रवर्तक, सत्यशोधक समाजाचे संस्थापक, शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून जोतीराव आपणां सर्वांना ठाऊक आहेत. पण शिक्षकाच्या पगाराचा इतका बारकाईने विचार करणारा माणूस म्हणून त्यांची ओळख फारशी करून दिली जात नाही. त्यांच्या आयुष्याकडे या एका बाजूने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. मूळ आडनाव गोऱ्हे; पण फुलांच्या व्यवसायामुळे लोक फुले म्हणू लागले आणि तेच रूढ झाले. आई चिमणाबाई मूल वर्षाचे होण्याच्या आतच वारल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला मराठी शाळेत घातले खरे. पण माळ्याच्या पोराला विद्या काय कामाची, असे कान भरणारे भेटले आणि मुलाच्या हातातली पाटी जाऊन खुरपे आले. पुढे गफ्फार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी मुलाची बुद्धी हेरली व गोविंदरावांचे मन वळवले. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एका हिंदू मुलाची शाळा एका मुसलमान आणि एका ख्रिस्ती गृहस्थाच्या शब्दामुळे पुन्हा सुरू झाली, हे विसरण्यासारखे नाही. शाळा नुसती गावात असून भागत नाही. मुलाला तिच्यापर्यंत आणणारे माणूसही लागते, हा धडा जोतीरावांना असा स्वतःच्या आयुष्यातच मिळाला.

१८४८ साल त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच साली त्यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. त्यावेळी ते अवघे एकवीस वर्षांचे होते. त्या काळी मुलींना शिकवायला शिक्षिका मिळणे अशक्यच होते. म्हणून त्यांनी आपल्या पत्नीला, सावित्रीबाईंना, शिकवून तयार केले. सावित्रीबाई शाळेत जाऊ लागल्या तेव्हा रस्त्यात त्यांच्या अंगावर शेणमाती फेकली गेली, ही हकीकत आपण शाळकरी वयापासून ऐकली आहे. पुढे समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घर सोडायला लावले. तरीही काम थांबले नाही. १८५१ व १८५२ या दोन वर्षांत पुण्याच्या निरनिराळ्या पेठांत मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी त्यांनी रात्रीची शाळा चालवली.

या सर्व काळात जोतीराव आणि सावित्रीबाई आपल्या शाळांत वेतन न घेता शिकवीत होते. व्रत म्हणतात ते यालाच. सरकारने त्यांचा गौरवही केला. १८५२ साली विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना शालजोडी अर्पण करण्यात आली. पुढे तीस वर्षांनी आयोगाला निवेदन लिहिताना त्यांनी या शालजोडीचा एका ओळीत उल्लेख केला आणि लगेच ते मुद्द्यावर आले. शालीची ऊब त्यांनी नाकारली नाही. पण शालीवर शाळा चालत नाही, हे त्यांनी तोवर पुरते अनुभवले होते.

शाळा चालवायची म्हणजे जागेचे भाडे, पाट्या-पुस्तके आणि पगारी शिक्षक. नवराबायको दोघे फुकट शिकवतील. पण शाळा तीन, चार, पाच झाल्या म्हणजे इतर शिक्षक लागतात आणि त्यांना घरसंसार असतो. जोतीरावांनी शाळांचा कारभार मंडळीकडे सोपवला. वर्गणी गोळा केली. दक्षिणा फंडातून साहाय्य मिळवले. पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेतून उरलेला हा निधी. त्यातला काही भाग मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळांकडे वळला, हा इतिहासातील एक मोठाच पालट म्हटला पाहिजे. पण हा निधी आणि ही वर्गणी कायमची नसते. देणाऱ्याचे मन फिरले की शाळेचे दिवस फिरतात. सुमारे नऊ-दहा वर्षे काम केल्यावर जोतीराव या शाळांच्या कारभारातून बाजूला झाले. १८८२ च्या निवेदनात त्यांनी स्वतःच नमूद केले आहे की मुलींच्या शाळा पुढे शिक्षण खात्याकडे गेल्या आणि महार-मांगांची शाळा अजून उभी असली तरी तिची अवस्था समाधानकारक नाही. स्वतःच्या हाताने लावलेल्या रोपाविषयी इतक्या कोरड्या शब्दांत लिहिताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मध्यंतरी त्यांनी एका मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत काही वर्षे शिक्षकाची नोकरीही केली. म्हणजे बिनपगारी शिक्षक, शिक्षकांना पगार देणारा चालक आणि पगार घेणारा शिक्षक अशा तिन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या. पुढे ते बांधकामाच्या मक्तेदारीत उतरले. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला. मजुराला काय मिळते, मुकादम काय खातो, सरकारी कागदावरचा रुपया जागेवर पोचेपर्यंत किती आण्यांचा उरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या लेखणीत हिशेबाची जी धार दिसते ती या अनुभवाची आहे.

१८६९ साली त्यांनी शिक्षण खात्यातील ब्राह्मण पंतोजींवर एक पोवाडा रचून प्रसिद्ध केला. खेड्यातल्या शाळेत शेतकऱ्याच्या मुलाकडे पंतोजी कसे दुर्लक्ष करतो, हा त्याचा विषय. १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून नगरीच्या शृंगारासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे सांगून विरोधात उभे राहणारे जोतीराव एकटे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण पैसा कोठे जातो यावरून सत्तेचे मन कळते, हे ओळखणारा एक सभासद त्या सभागृहात होता.

अशा पूर्वतयारीनिशी ते १८८२ साली शिक्षण आयोगापुढे आले. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या या आयोगाने देशभर माहिती गोळा केली व नामवंतांच्या साक्षी घेतल्या. जोतीरावांनी इंग्रजीत लेखी निवेदन दिले. त्यातील मुख्य तक्रार सरळ आहे. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो. पण शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो. शिक्षणासाठी म्हणून रयतेकडून खास पट्टी वसूल होते. तीही ज्या कामासाठी घेतली त्या कामी लागत नाही. मुंबई इलाख्यातील दहांतील नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाही. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

यानंतर ते शिक्षकाकडे वळतात. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडेच अध्यापनाचे शिक्षण घेतलेले आहेत, त्यांचा पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो आणि त्यांची तयारीही तशीच तुटपुंजी असते, अशी वस्तुस्थिती त्यांनी मांडली. हा शिक्षक गावात राहतो पण गावाचा होत नाही. सोवळ्याओवळ्यामुळे तो रयतेपासून अलग राहतो आणि त्याच्या हाताखाली शिकलेला मुलगा बापाचा धंदा सोडून नोकरीच्या मागे लागतो. म्हणून शक्यतो शेतकरी वर्गातूनच शिक्षक तयार करावेत, ज्याला नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायची लाज वाटणार नाही आणि जो लोकांत मिसळेल, असा माणूस हवा, असे त्यांनी सुचवले. या शिक्षकाच्या अभ्यासक्रमात नेहमीच्या विषयांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, हीही त्यांची सूचना होती. आज गणित, विज्ञान, इंग्रजी या विषयांना शिक्षक मिळत नाहीत अशी ओरड होते. त्या काळी खेड्याला सर्वांत निकडीचे पण कोणालाच न येणारे विषय कोणते, हे जोतीरावांनी असे ओळखले होते.

आता पैशांचे पाहू. चांगल्या प्रतीचा शिक्षक मिळवायचा आणि त्याची प्रतिष्ठा वाढवायची तर पगार वाढवला पाहिजे. तो बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावांत तरी निदान पंधरा किंवा वीस रुपये असावा, असा आकडा त्यांनी घातला. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. शिक्षकाला गावच्या कारभारात स्थान द्यावे. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपालाचे काम, मुद्रांकांची विक्री अशी कामे त्याच्याकडे सोपवावी, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, असे त्यांनी सुचवले. आणि तिसरी गोष्ट अशी की खेड्यातल्या ज्या शिक्षकाचे पुष्कळ विद्यार्थी उत्तीर्ण होतील, त्याला पगाराव्यतिरिक्त उत्तेजनार्थ खास भत्ता द्यावा.

ज्या माणसाने स्वतः वर्षानुवर्षे एक पैसा न घेता शिकवले, त्याने दुसऱ्या शिक्षकाकडून फुकट कामाची अपेक्षा केली नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपला त्याग मोजपट्टी म्हणून दुसऱ्याच्या पाठीला लावायचा नाही, हा विवेक फार थोड्या त्यागी माणसांत दिसतो. बहुतेक वेळा त्यागी माणसाचे उदाहरण पुढे करूनच इतरांचे वेतन कापले जाते.

याच निवेदनातील आणखी एक मुद्दा या विषयाच्या गाभ्याला हात घालणारा आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत चालू होती. १८६२ सालापासून तेथे सरकारी तपासनीस शाळेत येई, मुलांचे वाचन, लेखन आणि अंकगणित तपासी आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर व हजेरीवर शाळेचे अनुदान ठरे. खर्च केला तेवढे फळ मिळालेच पाहिजे, असा तो व्यापारी हिशेब होता. त्याचा परिणाम काय झाला? शिक्षक परीक्षेपुरते शिकवू लागले, मुले धडे घोकू लागली. शतक संपण्याच्या आतच इंग्लंडने ती पद्धत गुंडाळली. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना निकाल पाहून अनुदान देण्याची चाल होती. जोतीरावांनी सांगितले की गोरगरिबांच्या शिक्षणाला ही पद्धत लागू पडणार नाही. ज्या लोकांना अद्याप शिक्षणाची गोडी लागलेली नाही त्यांच्यात कोणीही शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणार नाही, कारण त्याला तीवर पोट भरता येणार नाही. तेव्हा ती गोडी निर्माण होईपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजने यांवाचून गत्यंतर नाही.

चिकित्सक वाचक येथे शंका काढील. एकीकडे निकालावर भत्ता द्या म्हणायचे आणि दुसरीकडे निकालावर अनुदान नको म्हणायचे, ही विसंगती नव्हे काय? मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण नीट पाहिले तर दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अनुदानाच्या पद्धतीत शिक्षकाची भाकरीच निकालावर टांगलेली असते. ज्या गावात मुले गुरे राखायला जातात, पेरणी-कापणीला शाळा ओस पडते, तेथे निकाल कमीच लागणार. म्हणजे जेथे कष्ट सर्वांत जास्त तेथे मिळकत सर्वांत कमी. शहाणा शिक्षक अशा गावाकडे फिरकणारच नाही. जोतीराव आधी बारा रुपयांची भाकरी पक्की करतात आणि मग तिच्यावर भत्त्याचे तूप वाढतात. शिवाय हा भत्ता त्यांनी खेड्यातल्या शिक्षकासाठी मागितला. आधी निश्चिंती, मग उत्तेजन, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

आणखी एक सावधगिरी त्यांनी बाळगली होती. पैसा दिला म्हणजे काम होईलच, अशा भोळ्या समजुतीत ते नव्हते. वर्षातून एकदा होणारी शाळा-तपासणी निरुपयोगी आहे. ती निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी आणि अधूनमधून आगाऊ सूचना न देताही व्हावी, असे त्यांनी बजावले. तसेच उत्तेजन एकट्या शिक्षकालाच नको. गरीब घरच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावी, म्हणजे आईबाप त्यांना शाळेत धाडतील, असेही त्यांनी सुचवले. गुरे राखणाऱ्या मुलाच्या मजुरीचा घाटा कोणी तरी भरून काढायला हवा, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आयोगाचा अहवाल आला. प्राथमिक शाळांचा भार स्थानिक मंडळांवर गेला. पण सक्तीच्या शिक्षणाची मागणी तशीच राहिली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते मोफत व सक्तीचे केले. नामदार गोखल्यांचे १९११ चे विधेयक मात्र फेटाळले गेले. पुढे २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतची मर्यादा मागितली होती. कायद्याने ती चौदा वर्षांपर्यंत नेली. मध्ये एकशे अठ्ठावीस वर्षे गेली.

जोतीरावांचा उत्तरकाळ सुखाचा गेला नाही. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. उंची पोशाखांच्या त्या गर्दीत ते शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले आणि येथे जमलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यात आहे, तिला शिक्षण द्या, असे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला शिकून सार्वजनिक सत्यधर्म हा ग्रंथ पुरा केला. घरची आर्थिक ओढाताण एवढी वाढली की १८९० साली मामा परमानंदांनी सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

पुण्याहून मुंबईला येणारा लोहमार्ग तेव्हाही बोरघाट उतरून बदलापूर-अंबरनाथवरूनच कल्याणला जात होता. घाटातील मार्ग १८६३ साली खुला झाला होता. तेव्हा येथे उल्हासनगर नव्हते. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय होते, उल्हास नदी होती, भातखाचरे होती आणि डोंगराच्या कुशीत आजच्यासारखेच ठाकर-कातकऱ्यांचे पाडे होते. ज्यांच्या मुलांसाठी शाळा नाही म्हणून जोतीराव सरकारशी भांडले, त्या खेड्यांत आपल्या भागातली ही खेडीही आलीच. त्यांचे निकटचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्मही आपल्याच ठाणे शहरातला.

पुढे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. घरदार गमावून आलेल्या या लोकांनी डोक्यावर छप्पर येताच मुलांच्या शाळेचा ध्यास घेतला. आज याच नगरात आपल्याला महाविद्यालयात शिकता येते, याचे मूळ त्या ध्यासात आहे. अंबरनाथला कारखाने आले, बदलापूरला इमारती उभ्या राहिल्या. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना शाळा आणि शिकवणीवर्ग यांची दाटी झाली. पण आठ-दहा मैल आत गेले की चित्र पालटते. तेथे एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकदम सांभाळताना दिसतो.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आदिवासी व नक्षलग्रस्त भागांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता देण्याचा निर्णय २००२ साली झाला. २०१७ च्या बदली धोरणात शाळांची सर्वसाधारण आणि अवघड अशी विभागणी झाली व अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदलीचा अधिकार मिळाला. ही दोन्ही पावले जोतीरावांच्या खास उत्तेजनाच्या जातीचीच आहेत. पण त्यांत एक उणीव राहते. जोतीरावांना उत्तेजन हवे होते ते शिक्षकाने गावात राहावे म्हणून; बदलीचा अधिकार हे उत्तेजन गाव सोडून जाण्यासाठी आहे. तीन वर्षे सोसा, मग सुटका करू, असा त्याचा अर्थ शिक्षकही घेतो आणि गावही घेते. पाड्यावरच्या मुलाला तेवढ्यात शिक्षकाची ओळख होते न होते, तोच नवा शिक्षक येतो. शिवाय भत्त्याचा हक्क नकाशावरच्या रेषेवरून ठरतो. एखादा पाडा त्या रेषेच्या बाहेर पडला की रस्ता तितकाच बिकट असूनही शिक्षकाच्या हाती काही पडत नाही. मैत्रिणीच्या बहिणीची गोष्ट अशीच आहे.

जोतीरावांच्या योजनेत तीन गोष्टी एकत्र होत्या. पोटापुरता निश्चित पगार आणि वर उत्तेजन. गावात मान आणि अधिकार. आणि त्याच मातीतला, लोकांत मिसळणारा माणूस. आपण त्यांतली पहिली गोष्ट थोडीबहुत उचलली आणि उरलेल्या दोन विसरलो. शिक्षकाला आज गावची पुष्कळ कामे आहेत: निवडणुकीची, जनगणनेची, कागद भरण्याची. जोतीरावांनीही त्याला गावची कामे सांगितली होती. पण ती गावात त्याचे वजन वाढवणारी होती. आजची कामे त्याला वर्गातून उठवणारी आहेत. आणि पाड्यावरचा किती मुलगा शिक्षक होऊन आपल्याच पाड्यावर परत येतो, हे ज्याने त्याने आजूबाजूला पाहून ठरवावे.

मैत्रिणीच्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येईल असे वाटते. ताईने तेथे राहावे असे वाटत असेल, तर तसे म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या जाण्यायेण्याची, राहण्याची आणि जादा कष्टांची किंमत मोजली पाहिजे. ती मोजली म्हणून तिच्या कामाचे मोल कमी होत नाही. विनावेतन शिकवणाऱ्या जोतीरावांनी इतरांसाठी बारा रुपये मागितले तेव्हा व्रत भंगले नाही. गावात शिक्षक टिकावा एवढीच त्यामागची तळमळ होती.

आपल्यापैकी काहीजण उद्या शिक्षक होतील. काहीजण कचेऱ्यांत बसून शिक्षकांच्या पगाराच्या आणि बदल्यांच्या कागदांवर सह्या करतील. काही नगरपालिकेत निवडून येतील आणि त्यांच्यापुढेही शृंगाराचे आणि स्वागताचे ठराव येतील. त्या वेळी पुण्याच्या सभागृहात एकट्याने हात वर केलेल्या त्या सभासदाची आठवण आपल्याला राहावी, एवढीच इच्छा आहे. मैत्रिणीची बहीण उद्याही पहाटेच घर सोडणार आहे.